शेरेबुक

चिंचवडच्या स्टेशनावर तुम्ही पुण्याच्या गाडीची वाट बघत उभे आहात. साल 1900, जूनचे पहिले दिवस. गेल्या वर्षी पावसानं दगा दिला, त्यामुळे यंदा ढग दिसले तरी कोणी हरखून जात नाही. दुष्काळातून आलेली माणसं गाठोड्यांवर टेकून बसलीत. गावात चापेकरांच्या घरावरून जाताना लोकांचा आवाज अजून खाली येतो. दामोदरला फाशी होऊन दोन वर्षं झाली, बाळकृष्ण आणि वासुदेवला होऊन एक. तिघांनाही फाशी झाली ती येरवड्याला, आणि तुम्हीही निघालात येरवड्यालाच.

तुमच्या कोटाच्या खिशात सरकारी लखोटा आहे. येरवड्याच्या रिफॉर्मेटरी शाळेच्या व्हिजिटर कमिटीवर तुमची नेमणूक झाली आहे. 1897 चा कायदा सांगतो की पंधरा वर्षांखालच्या गुन्हेगार मुलाला तुरुंगाऐवजी अशा शाळेत ठेवायचं, किमान तीन वर्षं आणि फार तर सात. शाळेवर नजर ठेवायला किमान पाच जणांची कमिटी असायला हवी आणि त्यातले किमान दोन जण ‘नेटिव्ह’ हवेत. त्या दोघांतले एक तुम्ही. गावात काही जण तुम्हाला सरकारचा माणूस म्हणू लागलेत. शाळेतले गोरे साहेब तुम्हाला गावातला माणूस म्हणतील. या कामाला माणूस लागतो तो असाच, दोन्हीकडून थोडा परका.

पुण्यात उतरून टांगा करता, बंडगार्डनच्या पुलावरून मुळा-मुठा ओलांडता. तुरुंगाची भिंत दिसते तेव्हा टांगेवाला उगाच घोड्याला टच्‌टच्‌ करतो. शाळेत मात्र सगळं स्वच्छ आहे, आज तुम्ही येणार हे आधीच कळवलेलं होतं. सुतारकामाच्या खोलीत ताज्या भुश्श्याचा वास येतोय. मुलं रांगेत उभी आहेत, डोकी भादरलेली, नजर जमिनीवर.

कायद्यानं तुमची कामं नेमून दिली आहेत. महिन्यातून किमान एकदा शाळेला भेट द्यायची. मुलांच्या तक्रारी ऐकायच्या. कोणाला बेकायदा डांबून ठेवलेलं नाही ना हे बघायचं. आणि शिक्षेची वही तपासायची.

ही वही तुम्ही मागता तेव्हा सुपरिंटेंडेंट साहेबांची एक भुवई वर जाते, पण कायदाच आहे, नाही म्हणता येत नाही. रेघा आखलेलं जाडजूड बाड तुमच्यापुढे येतं. तारीख, मुलाचा नंबर, गुन्हा, शिक्षा, सही. कोणी भाकरी लपवली, कोणी कुंपणापाशी सापडला, कोणी उलट बोलला. तुम्ही सरकारी नोकरीत आयुष्य काढलेलं, त्यामुळे तुम्हाला एक गोष्ट पटकन दिसते. महिनाभराच्या नोंदींची शाई एकाच रंगाची आहे आणि अक्षरही एकाच बैठकीत लिहिल्यासारखं सलग आहे. रोज भरायची वही कोणीतरी काल रात्री बसून भरली आहे.

मग तुम्ही एका मुलाला पुढे बोलावता. दहा-अकरा वर्षांचा असेल. मनगटावर वळ आहे.

“काय रे बाळ, काही तक्रार?”

“नाही रावसाहेब. सगळं ठीक आहे.”

तुम्ही त्याच्याकडे बघताय, पण तो तुमच्याकडे बघत नाही. त्याची नजर तुमच्या खांद्यावरून मागे गेलीय. मागे सुपरिंटेंडेंट उभे आहेत.

तक्रार ऐकायची, हे कायद्यात आहे. कोणासमोर ऐकायची, हे लिहायचं राहून गेलं. शेरेबुकात तुम्ही काय लिहिणार? ‘शाळा पाहिली, व्यवस्था समाधानकारक’ असं लिहून संध्याकाळच्या गाडीनं चिंचवडला परतता येईल. पुढची सव्वाशे वर्षं या जिल्ह्यात कितीतरी शेरेबुकांत बहुधा असेच शेरे पडणार आहेत. तरी कायद्यानं दिलेलं ते एक पान कमी लेखू नका. बाहेरच्या माणसानं महिन्यातून एकदा आत येऊन शिक्षेची वही उघडायची, ही कल्पना इंग्रजांच्या त्या कठोर कायद्यात होती, आणि दोन खुर्च्या इथल्या माणसांसाठी राखून ठेवलेल्या होत्या.

आता भराभर पुढे या. 1924 साली मुंबई इलाख्यात बालकांचा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी 1927 मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली आणि डोंगरी भागातल्या उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या जागी मुलांचं रिमांड होम आलं. ‘डोंगरी’ म्हटलं की अजूनही मुंबईची पोरं चपापतात, ते तेव्हापासून. 1948 मध्ये कायदा नव्यानं लिहिला गेला. या सगळ्याची पिंपरीला काडीचीही खबर नाही. पिंपरी तेव्हा शेतं, बाभळी आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प एवढीच आहे.

1956 च्या आसपास थोडं थांबा, कारण हा थांबा सुखाचा आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना दोन वर्षांपूर्वी स्थापन झालाय, पेनिसिलिन निघू लागलंय, आणि एचए कॉलनीत नव्या चुन्याचा वास आहे. तुम्ही दहा वर्षांचे आहात, हातात लगोरीचा चेंडू आहे. तुमचे वडील पाळीवर गेलेत. तुम्ही गेटाबाहेर पाऊल टाकताच तीन खिडक्यांमधून तीन हाका येतात: “कुठे चाललास रे?” एका खिडकीतल्या काकू तुमच्या आईच्या मैत्रीण, दुसऱ्या शाळेतल्या बाईंच्या जाऊबाई, तिसऱ्या कोण हे तुम्हाला माहीत नाही, पण त्यांना तुम्ही माहीत आहात. बाल संरक्षण म्हणजे काय हे तेव्हा कोणाला विचारलं असतं तर हसले असते. पण गेटाबाहेर, कारखान्याच्या वाढीव बांधकामावर वाळू चाळणाऱ्या बाईचं मूल खडीच्या ढिगाजवळ झोपलंय. त्याच्यावर कोणत्याही खिडकीची नजर नाही. या पट्ट्याच्या पुढच्या सत्तर वर्षांचा हिशेब त्या खडीच्या ढिगापाशीच मांडायला हवा.

1 ऑगस्ट 1962 ला एमआयडीसी स्थापन होते. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी इथल्या जमिनी जातात, कारखाने येतात, 1970 मध्ये नगरपालिका आणि 11 ऑक्टोबर 1982 ला महापालिका. गटारं, नळ, दवाखाने, शाळा यांचा हिशेब नगरपिता विचारू लागतो. मुलं कोणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न मात्र नगरपालिकेच्या विषयपत्रिकेवर येत नाही. तो सरकारचा, कोर्टाचा, पोलिसांचा.

1986. पुन्हा येरवडा. या वेळी तुम्ही जिल्हा न्यायाधीश आहात आणि पांढऱ्या अँबॅसिडरमधून शिवाजीनगरहून निघालात. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे देशभरातल्या तुरुंगांमधून फिरल्या आणि मोठ्या कैद्यांबरोबर कोंडलेल्या मुलांचा प्रश्न त्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यावर न्यायालयानं फर्मावलंय की जिल्हा न्यायाधीशांनी दोन महिन्यांतून किमान एकदा तुरुंगाला भेट द्यावी आणि सोळा वर्षांखालचं मूल तिथं आहे का ते पाहावं. तुम्ही जेलरला मुलांची यादी मागता, यादी येते. तुम्हाला यादीवर भागवायचं नाही, बराकीत जायचंय. जेलर म्हणतो, “साहेब, चहा तरी घ्या.” हा चहा फार जुना आहे. मुलांच्या संस्थांमधल्या किती तपासण्या या चहापाशी संपल्या असतील, त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

शीला बारसेंची गोष्ट मात्र अर्धीच सांगितली जाते. तारखांमागून तारखा पडत राहिल्या तेव्हा वैतागून त्यांनी अर्ज मागे घ्यायची परवानगी मागितली. 1988 मध्ये न्यायालयानं खटला मागे घेऊ दिला नाही, उलट अर्जदार म्हणून त्यांनाच बाजूला केलं आणि खटला आपला आपण चालू ठेवला. बघायला लावणाऱ्या बाईला बाहेर काढून बघण्याचं काम पुढे चालू! माझ्या मते हा त्या सगळ्या प्रकरणातला सर्वात बोलका प्रसंग आहे, आणि तो फारसा कोणाला आठवत नाही.

1996 मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरियांनी चाइल्डलाइन सुरू केली. नंबर 1098, म्हणायला ‘दस नौ आठ’. रस्त्यावरच्या पोरालाही पाठ व्हावा असा. आजवर मोठी माणसं मुलाकडे बघायला जात होती. आता मूल स्वतः हाक मारू शकत होतं, तेही नाणं न टाकता. 2023 पासून ही हेल्पलाइन संस्थांकडून सरकारकडे गेली आणि 112 ला जोडली गेली. नंबर तोच राहिला. फोन उचलणारं माणूस बदललं, की रिंग किती वेळ वाजते हे कोणीतरी बाहेरून मोजायला हवं. ते कोण मोजणार, हा प्रश्न अजून तसाच आहे.

आता जिथे तुम्हाला नेऊ नये असं वाटतं तिथे जाऊ. ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात, कवडास. साल 2010. मतिमंद मुलांचं वसतिगृह. मुलं भुकेनं आणि कुपोषणानं दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्यावर मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या संस्थेलाही परवानगी होती, अनुदान होतं, तपासणीचे नियम होते. कोर्टानं डॉ. आशा बाजपेयींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ती राज्यातल्या अशा संस्था बघू लागली. त्यातून 2011 मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीचं प्रकरण बाहेर आलं. तिथल्या मतिमंद मुलींवर अत्याचार होत होते. बोलता न येणाऱ्या मुलींच्या घरात तक्रारपेटी टांगून काय होणार?

तुम्ही त्या समितीबरोबर आहात असं समजा. दारात संस्थाचालक हात जोडून उभे आहेत. स्वयंपाकघरात डब्यांवर ‘तूरडाळ’, ‘गूळ’, ‘शेंगदाणे’ अशा चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठ्या वाचून पुढे निघायचं नाही. झाकण उघडायचं, आणि आत हात घालून तळ लागतोय का ते बघायचं. मुलाचं वजन रजिस्टरमध्ये वाचायचं नाही, त्याला काट्यावर उभं करायचं.

बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाचं प्रकरण 2018 मध्ये फुटलं, तेही असंच. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटानं राज्यातल्या संस्थांचं सामाजिक अंकेक्षण केलं. सरकारी अधिकारी त्याआधीही तिथं जाऊन आलेच होते. कोशिशची मंडळी मुलींशी कर्मचाऱ्यांविना, वेळ देऊन बोलली. येरवड्याच्या त्या रिफॉर्मेटरीत तुमच्या मागे कोण उभं होतं, ते आठवा. मुझफ्फरपूरला तुमच्या मागे कोणी नव्हतं, एवढाच फरक. 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं मुख्य आरोपीला जन्मठेप दिली.

कायद्याच्या पुस्तकात आता काहीच कमी नाही. 2015 चा बाल न्याय कायदा वाचलात तर दडपून जाल. जिल्ह्याला बाल कल्याण समिती: एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक महिला. प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार. महिन्यातले किमान वीस दिवस बैठक. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत समितीपुढे आणायचं. महिन्याला संस्थांना किमान दोन भेटी द्यायच्या. शिवाय स्वतंत्र तपासणी समित्या, त्यांनी तीन महिन्यांतून किमान एकदा जायचं, तीनपेक्षा कमी माणसांनी जायचं नाही, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर हवा. संस्थेत मुलांची समिती, सूचनापेटी. विनानोंदणी संस्था चालवली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. 2021 च्या दुरुस्तीनं, जी 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली, या सगळ्या यंत्रणेवर देखरेखीचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं.

पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचं टेबल एकदा डोळ्यांसमोर आणा. 2011 च्या जनगणनेतच जिल्ह्यात 94 लाख माणसं होती. भूसंपादन, दोन पालख्या, निवडणुका, पाणीटंचाई, विमानतळ. या ढिगात बाल कल्याण समितीच्या तिमाही आढाव्याची फाइल कितव्या नंबरावर असेल? साहेब कितीही चांगले असले तरी.

अल्पवयीन आरोपींचे खटले चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाचंच बघा. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव गाडीनं दोघांचा जीव घेतला. अल्पवयीन आरोपीला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अटीत तीनशे शब्दांचा निबंध होता, म्हणून देशभर गदारोळ झाला. राज्य सरकारनं चौकशी केली आणि ऑक्टोबरमध्ये मंडळाच्या दोन अशासकीय सदस्यांच्या नेमणुका रद्द झाल्या. अपघाताच्या त्या आठवड्यात कट्ट्याकट्ट्यावर, लोकलमध्ये, सलूनमध्ये लोक बाल न्याय मंडळावर बोलत होते. त्याआधी हे मंडळ येरवड्यात बसतं हे तरी त्यांतल्या कितींना ठाऊक होतं? देखरेख म्हणजे रोजची, कंटाळवाणी गोष्ट. एका मोठ्या गाडीनं ठोकल्यावर जागी झाली तिला देखरेख म्हणता येत नाही.

2025 ची सुरुवात. मोशीवरून इंद्रायणी ओलांडून तुम्ही आळंदीत आलात. जोगमहाराजांनी 1917 मध्ये इथं वारकरी शिक्षण संस्था काढली. विद्यार्थी गावात माधुकरी मागत. त्या जुन्या पद्धतीचं एक अंग कोणी लक्षात घेत नाही. ठरलेल्या घरी रोज ठरलेला मुलगा झोळी घेऊन दारात यायचा. चार दिवस आला नाही तर घरची बाई विचारायची, “महाराज, तुमचा तो धाकटा दिसत नाही?” रोजची तपासणी होती ती, आणि तपासणाऱ्या बाईला आपण तपासणी करतोय हेही ठाऊक नसे. पुढे गल्लोगल्ली खासगी वसतिगृहं निघाली, दोन-तीन खोल्यांत मुलं, जेवण आतच. दाराशी येणारा मुलगा दिसेनासा झाला. मुलांवर अत्याचार झाल्याचे गुन्हे दाखल झाले तेव्हा गावकरीच उठले, राज्य महिला आयोगानं लक्ष घातलं आणि विनानोंदणी संस्थांच्या तपासणीचा विषय जिल्हा प्रशासनापर्यंत गेला. चांगल्या संस्था यात बदनाम होतात ही तक्रार खरी आहे. तिच्यावर उपायही एकच आहे, आणि तो म्हणजे नोंदणी करून दार उघडं ठेवणं.

आता शेवटचा थांबा. 2026, चाकण पट्टा. म्हाळुंगे म्हणा, निघोजे म्हणा, कुरुळी म्हणा, चित्र एकच. पहाटे पावणेसहाला फर्स्ट शिफ्टच्या बसगाड्या हॉर्न देतायत. तुम्ही एका चाळीच्या तोंडाशी उभे आहात. समोरासमोर पत्र्याच्या खोल्या, मधून गटार, टोकाला दोन संडास आणि एक नळ. दारांवर चपला आहेत त्या बीडच्या, नांदेडच्या, बिहारच्या, ओडिशाच्या. एका दाराला बाहेरून कडी आहे. तुम्ही जवळ जाता, आतून कार्टूनचा आवाज येतो. आई-बाप दोघंही शिफ्टला. नऊ वर्षांची ताई तीन वर्षांच्या भावाला सांभाळतेय. कडी बाहेरून लावली ती मुलं सुरक्षित राहावीत म्हणून, आणि आईच्या दृष्टीनं ते खरंही आहे. आग लागली तर काय, हे ती मनात आणत नाही. आणलं तर कामावर जाता येणार नाही.

ही ताई कोणाची? यादी ऐका. जमीन एमआयडीसीची किंवा तिच्या कुंपणापलीकडची, तिथं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए. पोलीस ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाखाली, जे 15 ऑगस्ट 2018 ला सुरू झालं. तहसीलदार राजगुरुनगरला. अंगणवाडी जिल्हा परिषदेची. बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती पुण्यात. खोली गावातल्या मालकाची, नोकरी ठेकेदाराची, आणि गेटावर नाव बड्या कंपनीचं. प्रत्येकाकडे तिचा एक तुकडा आहे.

या सगळ्या तुकड्यांना एकत्र बसवण्यासाठीच ग्राम बाल संरक्षण समिती आहे. अध्यक्ष सरपंच, जिथं प्रशासक असेल तिथं तो. सचिव अंगणवाडी सेविका. पोलीस पाटील, शिक्षक, आशाताई, बचत गटाच्या बाई आणि मुलांचे दोन प्रतिनिधी. शहरात प्रभागाची समिती, तिच्या डोक्यावर नगरसेवक. कागदावर याहून चांगली रचना मला सुचत नाही. पण पिंपरी-चिंचवडमध्ये मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, 32 प्रभागांतल्या 128 खुर्च्या जवळजवळ चार वर्षं रिकाम्या होत्या. प्रभाग समितीला अध्यक्षच नाही, तर बैठक कोण बोलावणार? त्याच काळात, फेब्रुवारी 2025 मध्ये, चिखली-कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांवर बुलडोझर फिरले आणि तिथं राबणारी कुटुंबं रातोरात उठली. त्या मुलांपैकी कोण कुठल्या शाळेतून गळालं, हे विचारायला प्रभागात निवडून आलेला एकही माणूस नव्हता.

गावात सरपंच किंवा प्रशासक आहे, पण गाठ वेगळी आहे. ग्राम समिती उत्तर देते ग्रामसभेला, आणि ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. कडी लावलेल्या खोलीतल्या आईचं नाव यादीत आहे ते तिच्या मूळ गावच्या. म्हणजे ज्या मुलांसाठी समिती सर्वात गरजेची, त्यांच्या आई-बापांना तिथं प्रश्न विचारायचा हक्कच नाही. साम्राज्याच्या कायद्यानं 1897 साली पाचात दोन ‘नेटिव्ह’ बसवले. आपण आपल्याच राज्यात, आपल्याच गावात, भाडेकरूला एक खुर्ची ठेवली नाही. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ही रचना ज्या गावासाठी आखली तिथं सगळे एकमेकांना ओळखत होते. म्हाळुंग्यात अकरा महिन्यांचा करार संपला की शेजारी बदलतो.

अंगणवाडी सेविकेबरोबर तासभर फिरा. तिच्या हातात फोन आहे, ॲपमध्ये वजन-उंची भरायची आहे, रेंज जातेय. ती कडीच्या दारापाशी थांबते, खिडकीतून हाक मारते, “ताई, जेवलात का गं?” आतून “हो” येतं. ती पुढच्या चाळीत जाते. कुठली मुलगी अचानक गप्प झालीय, कुठल्या खोलीत नवा ‘मामा’ राहायला आलाय, कोण शाळेऐवजी चहाच्या टपरीवर दिसतंय, सगळं तिला माहीत आहे. पोक्सो कायद्यानं संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे, हेही प्रशिक्षणात सांगितलंय. पण कळवलं तर खोलीमालक विचारणार, “तुम्हाला काय पडलंय?” आणि खोलीमालक गावातला आहे, कदाचित त्याचा भाऊ पंचायतीत आहे. समितीची सचिव ती, आणि समितीत सर्वात कमी वजनही तिचंच.

माणसं बसवली की यंत्रणा चालते, हे आपण एकदा बघितलंय. कोरोनात 2021 साली राज्यानं अनाथ मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं, पुढे तालुक्याला तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्या झाल्या. कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गावोगावच्या याद्या घेऊन तहसीलदारांपुढे जाऊन बसले. जिथं याद्या घेऊन बसणारं कोणी होतं, तिथं बैठका झाल्या. अधिकार कागदावर सगळीकडे सारखाच होता.

चाकणला महापालिका करण्याची चर्चा 2025 मध्ये जोरात सुरू झाली. ती झाली तर आजूबाजूच्या गावांच्या ग्राम समित्या जाऊन प्रभाग समित्या येतील, पाट्या बदलतील. त्यासाठी थांबून राहायचं कारण नाही. तुम्ही या पट्ट्यातले मतदार असाल तर तुमच्या हाती वर्षातून किमान चार ग्रामसभा आहेत, सहसा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. पुढच्या सभेत उभे राहा आणि तीन गोष्टी मागा. एक, ग्राम बाल संरक्षण समितीचं इतिवृत्त वाचून दाखवा. शेवटची बैठक कधी झाली, कोण हजर होतं, काय ठरलं. दोन, मुलांचे जे दोन प्रतिनिधी घ्यायचे आहेत त्यातला एक भाड्याच्या खोल्यांमधला घ्या. मुलाला मतदार यादीत नाव लागत नाही, त्यामुळे कोणाला नियम आडवा घालता येणार नाही. तीन, गावाच्या हद्दीत मुलं राहतात अशी किती वसतिगृहं आणि आश्रम आहेत, त्यांतली नोंदणी कितींची, हे पंचायतीच्या फलकावर लिहा. शहरात राहत असाल तर हाच अर्ज प्रभाग कार्यालयात द्या. नगरसेवक आता आहेत.

आणि उत्तर ‘कार्यवाही सुरू आहे’ असं आलं, तर बैठकीची तारीख विचारा.